बार्बाडोसला निवांत सुट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना बार्बाडोसला झाला, त्यानंतर "ते बार्बाडोस कसं आहे हो?" असं विचारणारे बरेच भेटू लागले. काही पुण्या-मुंबईचे, काही न्यू जर्सी आणि टोरांटोचे. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. हे फक्त एका बेटाबद्दल आहे. कॅरिबियनमधली बेटं एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की सगळ्यांसाठी मिळून एक सल्ला देण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे. आपल्याकडच्या सवयीने रोज सकाळी आठला डबा घेऊन निघालात तर तीन दिवसांत सगळं "करून" होईल आणि दमून परत याल. कोणत्या बाजूला राहायचं एवढं नीट ठरवा, बाकीचं फारसं ठरवावं लागत नाही.

भारतातून फक्त समुद्रासाठी एवढ्या लांब जावं का?

खरं सांगायचं तर नाही. फक्त निळं पाणी आणि पांढरी वाळू हवी असेल तर लक्षद्वीप, अंदमान, मालदीव जवळ आहेत. मुंबईहून बार्बाडोसला थेट विमान नाही. लंडनपर्यंत नऊ-दहा तास, तिथून पुढे आणखी साधारण नऊ तास, आणि मधला थांबा. घरातून निघून हॉटेलात पाठ टेकेपर्यंत एक दिवस सहज उलटतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, त्यामुळे पहिले दोन दिवस पहाटे तीनला टक्क जाग येते.

मग जावं कोणी? अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी जरूर जावं. मायामीहून चार तासांच्या आत आणि न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आसपास पोचता येतं. भारतातून निघणाऱ्यांनी मुला-मुलीकडे परदेशी जाण्याला जोडून, किंवा क्रिकेटचा दौरा साधून बेत आखावा. "आयुष्यात एकदा कॅरिबियन बघायचंच" असं ज्यांच्या मनात पक्कं आहे त्यांना अर्थातच कोणाच्या सल्ल्याची गरज नाही.

व्हिसा लागतो का?

बार्बाडोसचा लागत नाही. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत राहता येतं. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता जवळ ठेवा. इमिग्रेशनचा फॉर्म निघण्यापूर्वी ऑनलाइन भरता येतो.

अडचण येते ती वाटेतल्या देशाची, आणि "व्हिसा-फ्री" हा शब्द वाचून तिकीट काढून मोकळे होणारे इथेच फसतात. अमेरिकेमार्गे जायचं तर दोन तास विमानतळावरच थांबणार असलात तरी अमेरिकेचा व्हिसा हवा. आतल्या आत विमान बदलण्याची सोय त्या देशात नाही. लंडनमध्ये एकाच विमानतळावर विमान बदललं तरी भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो, मात्र अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असलेल्यांना त्यात सवलत असते. बार्बाडोसची काही विमानं गॅटविकहून सुटतात आणि मुंबईची बहुतेक हीथ्रोला उतरतात. विमानतळ बदलायचा म्हणजे बाहेर पडायचं, आणि बाहेर पडायचं म्हणजे इमिग्रेशन पार करायचं. तिकीट काढण्याआधी त्या-त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर नियम बघा. एजंट "काही होत नाही हो" म्हणाला तरी बघा.

मी अमेरिकेत एच-वन-बीवर आहे. काही अडचण?

पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का चालू असेल तर नाही. शिक्का संपला आहे आणि हातात फक्त मुदतवाढीचा कागद आहे, अशा अवस्थेत जाऊ नका. संपलेल्या शिक्क्यावर थोड्या दिवसांनी परत येऊ देण्याची जी सवलत आहे, ती एच-वन-बीवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोहून परतताना मिळते. विद्यार्थी व्हिसावाल्यांना ती काही कॅरिबियन बेटांनाही लागू आहे, तरी त्यांनीही आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्यावं.

मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीच्या?

मे. डोळे झाकून मे.

तिथला कोरडा काळ साधारण डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत असतो. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत इंग्लंड आणि कॅनडातली थंडी चुकवायला आलेल्यांची गर्दी असते, त्यामुळे हॉटेलचे दर चढलेले असतात. मेमध्ये गर्दी ओसरलेली असते, दर खाली आलेले असतात आणि पाऊस अजून लागलेला नसतो. आपल्या शाळांची सुट्टी नेमकी तेव्हाच. दिवाळीचा काळ, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, हे तिथले सर्वांत ओले महिने. आपल्यासारखी दिवसभर झड नसते, सर येते आणि जाते. पण सुट्टीचे मोजके दिवस सरींच्या मधे बसवायचे कशाला?

उन्हाची तीव्रता कमी लेखू नका. राजधानी ब्रिजटाउन आणि चेन्नई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. समुद्रावरून सतत वारा येत असल्याने चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी आरशात बघितल्यावर खांदे लाल दिसतात. "आपली कातडी सावळी, आपल्याला काही होत नाही" हे म्हणणं पहिल्या दिवसापुरतंच टिकतं. संध्याकाळही लवकर होते: सूर्य वर्षभर साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो.

चक्रीवादळात अडकलो तर? आपली टीम अडकली होती ना?

हो. २९ जून २०२४ला अंतिम सामना झाला आणि बेरिल वादळामुळे विमानतळ बंद पडला. खेळाडू हॉटेलात अडकले, खास विमानाने ४ जुलैला दिल्लीत पोचले आणि त्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर ती गर्दी झाली.

वादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. बार्बाडोस कॅरिबियन बेटांच्या कमानीसारख्या मुख्य रांगेपासून पूर्वेला अटलांटिकमध्ये एकटं बाजूला आहे. बरीच वादळं त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. १९५५च्या जॅनेट वादळानंतर हरिकेनच्या दर्जाच्या वादळाचा थेट तडाखा बसला तो २०२१मध्ये, एल्साचा. बेरिल दक्षिणेकडून गेलं, तरी तिथल्या मच्छीमारांच्या बोटींचं अतोनात नुकसान करून गेलं. धोका कमी आहे, शून्य नाही. जुलै ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर प्रवास रद्द झाल्यास पैसे देणारा विमा घ्या आणि परतीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी ऑफिस ठेवू नका.

राहायचं कुठे? पश्चिम, दक्षिण की पूर्व?

हा खरा प्रश्न, आणि याच्याच उत्तरावर अख्खी सुट्टी ठरते.

वारा इथे जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतो. अटलांटिकच्या लाटा पूर्व किनाऱ्यावर आपटतात आणि बेट स्वतःच आडवं उभं राहून पश्चिमेला निवारा देतं. त्यामुळे पश्चिमेचा समुद्र बहुतेक दिवस शांत असतो. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तर पायाची बोटं दिसतात. पेन्स बे, होलटाउन, मलिन्स, वरती स्पाइट्सटाउन हा सगळा पट्टा असा. आई-बाबा बरोबर असतील, लहान मुलं असतील किंवा पोहणं यथातथाच असेल तर इथेच राहा. महाग आहे. इंग्लंडमधले पैसेवाले याच बाजूला बंगले घेतात आणि जेवणाचे दरही त्यांच्याच खिशाच्या मापाने असतात. त्यातल्या त्यात स्पाइट्सटाउन जुन्या वळणाचं आणि जरा परवडणारं गाव.

दक्षिणेला लाटा असतात, पण खेळण्याजोग्या. ॲक्रा, डोव्हर, वर्दिंग, ऑइस्टिन्सजवळचा मायामी बीच. बसगाड्या सतत, खाण्याची ठिकाणं स्वस्तातल्यापासून सगळी, संध्याकाळी पायी फिरायला ॲक्रापासून हेस्टिंग्जपर्यंत समुद्राला लागून बांधलेली पायवाट. पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी कुटुंबाला मी दक्षिणच सुचवतो. स्वयंपाकघर असलेली छोटी अपार्टमेंट इथे मिळतात, आणि सकाळचा चहा आपल्या हातचा मिळाला की अर्धी सुट्टी सुफळ झाली असं मानणारे आपण लोक.

दक्षिण आणि पश्चिम जिथे मिळतात तिथे ब्रिजटाउनला लागून कार्लाइल बे आहे. मला विचाराल तर अख्ख्या बेटावरची सगळ्यांत छान पुळण हीच. पहाटे इथल्या पेबल्स बीचवर शर्यतीचे घोडे समुद्रात डुंबायला आणतात आणि गावातली वयस्कर मंडळी कामावर जाण्याआधी आंघोळीला येतात. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून त्यांच्या तासभर गप्पा चालतात. पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नाही हा, त्यांचा रोजचा शिरस्ता आहे.

पूर्व किनारा, म्हणजे बाथशीबा, कॅटलवॉश, फक्त बघायला. प्रचंड लाटा, पाण्यात उभे असलेले खालून झिजलेले खडक, वारा. तिथल्या लाटांवर जगभरातले सर्फर येतात. आपण मात्र किनाऱ्यावर बसून बघायचं. पाण्याची आत खेचणारी ओढ तिथे फार जबर आहे. घोटाभर पाण्यात पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नका. आग्नेयेचा क्रेन बीच मधल्या प्रकारातला: गुलाबी छटेची वाळू, उंच कडा, आणि अंगावर येणाऱ्या लाटा.

हॉटेल समुद्रावर नसेल तर किनारा मिळणार नाही का?

मिळतो. बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. कितीही महागडं हॉटेल असो, त्याच्यासमोरच्या वाळूवर टॉवेल पसरायचा हक्क तुम्हाला आहे. खुर्ची आणि छत्री मात्र हॉटेलची. ती भाड्याने घ्यावी लागते. त्यामुळे "बीचफ्रंट"साठी दुप्पट पैसे मोजण्याआधी नकाशावर पाच मिनिटं चालण्याच्या अंतरात काय आहे ते बघा.

पाणी एवढं स्वच्छ कसं?

बेटाचा बहुतेक भाग प्रवाळापासून बनलेल्या चुनखडीचा आहे. पाऊस पडला की पाणी दगडात मुरतं. गाळ वाहून आणणाऱ्या मोठ्या नद्याच नाहीत. आपल्या कोकणात पावसाळ्यात प्रत्येक खाडी तांबडी माती समुद्रात ओतते, तसं तिथे होत नाही. वाळूही प्रवाळाचीच. तिच्यातला काही भाग तर पोपटमाशांनी प्रवाळ कुरतडून बाहेर टाकलेला चुरा असतो. भरती-ओहोटीतला फरकही कमी. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं हे ज्याने पाहिलं आहे त्याला तिथला समुद्र दिवसभर जागचा हलत नाही असंच वाटतं.

याच चुनखडीतून गाळलं गेल्यामुळे नळाचं पाणी थेट पिता येतं. बाटल्या विकत घेऊ नका.

मला पोहता येत नाही. जाऊन करू काय?

डुंबा. पश्चिमेला किंवा कार्लाइल बेला, जीवरक्षक असलेल्या ठिकाणी, कमरेपर्यंतच्या पाण्यात. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. जीवरक्षक संध्याकाळी निघून जातात, त्यानंतर "आता शांत आहे" म्हणून आत जाऊ नका. लाइफ जॅकेट घालून तरंगायला लाज वाटण्याचं कारण नाही. कार्लाइल बेमध्ये बुडवलेल्या जुन्या बोटींवर जमलेले मासे तसंच तरंगत, चेहरा पाण्यात घालून बघता येतात.

कासवांबरोबर पोहायला मिळतं म्हणतात. खरं?

खरं. पश्चिम किनाऱ्यावर आणि कार्लाइल बेमध्ये हिरवी समुद्री कासवं नेहमी दिसतात. कॅटामरान बोटीची अर्ध्या दिवसाची सहल घेतली की कासवं, पाण्याखालची बोट आणि जेवण हे सगळं एकत्र होतं. काही बोटवाले कासवं जवळ यावीत म्हणून त्यांना खायला टाकतात. हे मला पटत नाही: खाण्याच्या आशेने आलेलं कासव माणसाच्या बोटालाही तोंड लावतं आणि मोटरबोटींच्या जवळ जायला शिकतं. हात लावू नका, पाठीवर धरून फोटो तर नाहीच. साधारण मे ते ऑक्टोबरमध्ये हॉक्सबिल कासवं रात्री अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. दिसलं तर टॉर्च आणि फ्लॅश बंद करून लांब उभे राहा. वेळास-आंजर्ल्याला कासव महोत्सव पाहिलेल्यांना हे सांगावं लागणार नाही.

फोटोत किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचे ढीग दिसले. ते काय?

सरगॅसम. अटलांटिकवर तरंगत येणारं समुद्री शेवाळ. २०११पासून त्याचं प्रमाण फार वाढलं आहे. साधारण मार्च ते ऑगस्टमध्ये पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर लाटांबरोबर येऊन साचतं, कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. कोणत्या आठवड्यात कुठे येईल हे आधी सांगता येत नाही. पश्चिम किनारा बहुतेक वेळा यातून सुटतो. मेमध्ये जायचं म्हटलं की हा एवढा एक धोका पत्करावा लागतो. दक्षिणेला राहात असाल आणि किनारा भरला असेल तर बसने पश्चिमेला जा, तासाभराच्या आत पोचाल.

झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टे का रंगवलेत?

ते मॅंचिनील. किनाऱ्यावर छान सावली धरणारं आणि अत्यंत विषारी झाड. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं दिसतं. खाल्लं तर तोंड-घसा भाजून निघतो. चीक कातडीला लागला तर फोड येतात. पाऊस आला म्हणून त्याच्याखाली आडोशाला उभं राहिलात तर पानांवरून ओघळणाऱ्या पाण्यातूनही तो चीक अंगावर येतो. मुलांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. प्रत्येक झाडावर पट्टा असेलच असं नाही, म्हणून ओळख न पटलेल्या झाडाचं फळ उचलायचंच नाही.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

होत नाहीत, पण शोधावं लागतं. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं 'आयटल' जेवण पूर्णपणे वनस्पतीजन्य असतं. फळभाज्या, डाळी, नारळाचं दूध. अशा टपऱ्या शहरात आहेत. त्रिनिदादहून आलेली रोटी बेटावर सगळीकडे मिळते, बटाटा-चण्याची मागा. चेफेट नावाच्या स्थानिक फास्टफूड साखळीतही रोटी असते. मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, प्रत्येक ताटात असते. कू-कू हा पदार्थ म्हणजे भेंडी घालून शिजवलेली मक्याच्या पिठाची उकडच. नुसता मागितला तर शाकाहारी, पण वरून माशाचा रस्सा घालून देतात म्हणून आधी सांगा.

भाजलेला नीरफणस जरूर खा. मालवणकडे आपण त्याची कापं तळतो, तोच हा. गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून १७९३मध्ये ताहितीहून त्याची रोपं कॅरिबियनमध्ये आणली गेली. आज तो तिथल्या लोकांचा लाडका आहे. बाजारात अंबाडे, सीताफळं, चिंचेच्या साखर लावलेल्या गोळ्या आणि हंगामात चक्क आपली बोरं दिसली तर दचकू नका. बोराला तिथे 'डंक्स' म्हणतात.

जैनांनी किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघरवालं घरच घ्यावं.

आणि मासे खाणाऱ्यांनी?

तुमच्यासाठीच ते बेट आहे. उडता मासा राष्ट्रीय ताटात आहे. कू-कूबरोबर वाफवलेला किंवा तळून पावात घातलेला. शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सच्या मासळीबाजाराजवळ टपऱ्यांवर मासे भाजले जातात, संगीत चालू होतं, स्थानिक आणि पाहुणे सगळे लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसतात. सातच्या आत जा, नऊनंतर रांगा फार. मार्लिन, टूना, माही-माही. मेन्यूवर 'डॉल्फिन' लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, तो माही-माही मासाच असतो. आपल्या जिभेला मसाला कमी वाटेल, पण टेबलावरची पिवळी मिरचीची चटणी हलक्या हाताने घ्या. ती स्कॉच बॉनेट मिरचीची असते आणि तिच्यापुढे लवंगी गरीब.

खर्च किती? पैसे कसे न्यावेत?

स्वस्त बेट नाही. खाण्याच्या बऱ्याच वस्तू आयात होतात आणि त्याची किंमत बिलात दिसते. बार्बाडोसचा डॉलर अमेरिकी डॉलरला कायमचा बांधलेला आहे: दोन बार्बाडियन म्हणजे एक अमेरिकी. अमेरिकी नोटा सगळीकडे घेतात, सुटे मात्र स्थानिक चलनात देतात. भाव विचारताना "कोणते डॉलर?" हे विचाराच, नाहीतर दुप्पट देऊन बसाल. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. बस, टपऱ्या आणि नारळपाणीवाल्यासाठी रोख लागते. हॉटेल-रेस्टॉरंटच्या बिलात १० ते १५ टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं, त्यावर वेगळी टिप देण्याचं बंधन नाही.

जेवणखाणासकट सगळं एकत्र असलेली पॅकेजं मला इथे फारशी पटत नाहीत. पैसे आधीच भरल्यामुळे माणूस हॉटेलाबाहेर पाय ठेवत नाही. तीन पिढ्यांचं कुटुंब आणि लहान मुलं असतील तर गोष्ट वेगळी.

गाडी भाड्याने घ्यावी का?

एखाद-दोन दिवस पुरे. वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे आपल्याला सोपं. रस्ते अरुंद, वळणांना दोन्ही बाजूंनी उंच ऊस, त्यामुळे पुढचं दिसत नाही. पाहुण्यांना वेगळा परवाना लागतो, तो गाडी देणारेच करून देतात. भाड्याच्या गाडीच्या नंबरात सुरुवातीला 'एच' असतं, म्हणजे तुम्ही पाहुणे आहात हे सगळ्यांना कळतं. लोक सांभाळून घेतात.

एरवी बस. निळ्या सरकारी, पिवळ्या खाजगी, आणि झेडआर नावाच्या पांढऱ्या व्हॅन. कुठूनही कुठेही साडेतीन बार्बाडियन डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे परत देत नाहीत. झेडआरमध्ये गाणी मोठ्याने, माणसं दाटीवाटीने आणि वेग बेफाम. कल्याण लोकलवर वाढलेल्यांना अजिबात जड जाणार नाही. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा.

कपड्यांचं काही बंधन?

एक मोठं. लष्करी छापाचे, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे नागरिकांना वापरायला बंदी आहे. लहान मुलांनाही. टोपी, बॅग, चड्डी, सगळ्यालाच लागू. आपल्याकडे मुलांच्या निम्म्या बर्म्युडा त्याच छापाच्या असतात, तेव्हा बॅग भरतानाच वेगळ्या काढा. उघड्या अंगाने किंवा पोहण्याच्या कपड्यांत दुकानात, बसमध्ये शिरणं तिथल्या लोकांना आवडत नाही. वरून काहीतरी घाला. आणि दुकानात शिरल्यावर, बसमध्ये चढल्यावर आधी "गुड मॉर्निंग", मग काम. थेट "हे केवढ्याला?" म्हणालात तर उत्तर मिळेल, पण आवाजातला थंडपणा जाणवेल.

क्रिकेटवेड्यासाठी काय आहे?

केन्सिंग्टन ओव्हल हे मैदान ब्रिजटाउनमध्येच आहे, किनाऱ्यापासून फार लांब नाही. बाहेर वेस्ट इंडिजचे महान अष्टपैलू गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे. सोबर्स याच बेटाचे, आणि वॉरेल, वीक्स, वॉलकॉट हे तिघेही.

आपल्या लोकांचं या मैदानाशी नातं गोड कमी, कडू जास्त. १९६२मध्ये इथे चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपले कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. त्यांना रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचे कप्तान फ्रँक वॉरेल होते. आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उमरीगरही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. १९७१मध्ये सुनील गावसकरने पदार्पणाच्या मालिकेत इथे नाबाद ११७ काढून कसोटी वाचवली. मग १९९७. जिंकायला फक्त १२० धावा हव्या होत्या, सचिन कप्तान होता, आणि सगळे ८१वर बाद. ती रात्र जागून काढलेले लोक आज पन्नाशीत आहेत आणि तिचं नाव काढलं की अजून गप्प होतात. २९ जून २०२४ला शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल आत-बाहेर करत पकडला, आपण ७ धावांनी जिंकलो, आणि रोहितने खेळपट्टीवरचं गवत तोंडात टाकलं. त्याने असं का केलं हे १९९७वाल्यांना विचारावं लागलं नाही.

सामना नसताना मैदान शांत असतं. आत जाता येईल का ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

तिथे भारतीय लोक आहेत का?

आहेत, पण त्रिनिदाद किंवा गयानासारखे मोठ्या संख्येने नाहीत. १६२७मध्ये इंग्रज होलटाउनला उतरले, काही वर्षांत उसाचे मळे उभे राहिले आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून ते कसले गेले. १८३४ला गुलामी कायद्याने संपली आणि १८३८ला प्रत्यक्षात. इतर वसाहतींत मोकळे झालेले लोक पडीक जमिनीवर जाऊन राहिले, म्हणून मळेवाल्यांनी भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आणले. बार्बाडोसमध्ये पडीक जमीनच उरली नव्हती. लोकांना त्याच मळ्यांवर काम करावं लागलं, गिरमिटियांची गरज पडली नाही. आजचे भारतीय बहुतेक विसाव्या शतकात आलेले: बंगाल आणि गुजरातचे मुस्लिम कापडविक्रेते, जे दारोदार हप्त्यावर कपडे विकत, काही सिंधी व्यापारी, आणि अलीकडे गयानाहून आलेली कुटुंबं.

समुद्र सोडून काही बघायचं असेल तर?

एक दिवस. सकाळी हॅरिसन्स केव्ह ही चुनखडीची गुहा, मग हंट्स गार्डन्स ही खोल खळग्यात लावलेली बाग, दुपारी बाथशीबा. दुसऱ्या एखाद्या सकाळी ब्रिजटाउन आणि गॅरिसन ही जुनी ब्रिटिश लष्करी छावणी, ज्यांना २०११मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. रम पिणाऱ्यांसाठी माउंट गे, ही रम बनवणारी जुनी कंपनी. त्यांच्याकडचा सर्वांत जुना कागद १७०३चा आहे. न पिणाऱ्यांनी त्याच दिवशी न्यूटनची गुलामांची दफनभूमी बघावी. तिथे मोकळ्या रानाखेरीज बघण्यासारखं काही नाही, तरी जावं.

यापेक्षा जास्त यादी मी देत नाही. सात दिवसांत दोन सकाळी भटकंती आणि उरलेला वेळ पाण्यात.

जोडून त्रिनिदादलाही जावं का?

जा, पण त्रिनिदाद पीतज्वराच्या यादीत आहे. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात परतताना लसीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते आणि ती फक्त ठरावीक केंद्रांवर मिळते. नुसत्या बार्बाडोससाठी भारतातून जाणाऱ्याला तिची गरज नाही.

प्लग, डास, फोन?

वीज ११५ व्होल्ट, अमेरिकी पद्धतीचा चपट्या पिनांचा प्लग. आपली इस्त्री आणि मिक्सर नेऊ नका, मोबाइलचे चार्जर चालतात. डेंग्यू तिथेही होतो, डासांचं मलम न्या. फोनसाठी डिजिसेल किंवा फ्लो यांचं सिमकार्ड.

परत येताना काय आणावं?

रम. भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. वाटेत विमान बदलायचं असेल तर बाटल्या चेक-इन सामानातच घाला. हातातल्या पिशवीतल्या सीलबंद बाटल्या पुढच्या विमानतळावरच्या तपासणीत अडकू शकतात. मिरचीची पिवळी चटणी आणा, पण प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून. प्रवाळाचे तुकडे, मोठे शंख आणि कासवाच्या पाठीच्या वस्तू घेऊ नका. विकणारा काहीही सांगो, कस्टम्सवाले त्या काढून घेतात आणि वर दंड करू शकतात.